एका पानाची करामत : वॉल्टर शूहार्ट

'क्वालिटी कंट्रोल' म्हणजे स्कोअरिंग पेपर, फॉर्म्युले पाठ केले की झालं, असं मला थर्ड इयरपर्यंत वाटायचं. मग ट्रेनिंगला एका कारखान्यात गेलो. लेथवर प्रत्येक पीस मोजायचा, व्यास जरा जास्त आला की टूल आत, कमी आला की बाहेर... रिजेक्शन वाढलं! बोलणी मात्र ऑपरेटर काकांनी खाल्ली. मी गप्प. असं का झालं हे लायब्ररीत शोधताना शूहार्ट भेटला.

वॉल्टर शूहार्टचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. गडी मूळचा फिजिक्सवाला. १९१७ साली बर्कलेहून डॉक्टरेट. पुढच्याच वर्षी तो वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये लागला. ही कंपनी टेलिफोनचं सामान बनवायची. तपासणी म्हणजे काय, तर माल तयार झाल्यावर खराब तेवढा बाजूला काढायचा. खराब होतोच का, हा प्रश्न शूहार्टने धरला.

१६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या साहेबांना जेमतेम एक पानाचं टिपण दिलं. त्यात एक छोटी आकृती होती. तोच पहिला कंट्रोल चार्ट!

त्याचं म्हणणं साधं होतं. दोन पीस कधीच तंतोतंत सारखे नसतात. थोडा फरक प्रोसेसच्या अंगातच असतो. त्याच्यामागे धावून सेटिंग हलवलं तर फरक उलट वाढतो. पण बिंदू मर्यादेबाहेर गेला, तर काहीतरी खास कारण आहे, ते शोधा. मी नेमकं पहिल्या फरकामागे धावत होतो.

१९३१ साली त्याचं पुस्तक आलं. डेमिंग त्याला गुरू मानायचा, आणि युद्धानंतर हाच विचार त्याने जपानला शिकवला. १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही येऊन गेला. १९५६ साली तो बेल लॅब्जमधून निवृत्त झाला, १९६७ साली वारला. आपण मात्र त्याला व्हायव्हापुरतंच ओळखतो.

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी धीर करून सुपरवायझरना सांगितलं, की चूक काकांची नव्हती, सेटिंग मी हलवत होतो. काका नुसते हसले आणि चहा पाजला. ट्रेनिंग रिपोर्टमध्ये हे लिहायची हिंमत झाली नव्हती. म्हणून मित्रांनो, इथे लिहिलं.