वाटेगावचा तुकाराम आणि त्याचा ‘फकिरा’

आपल्या वसतिगृहात रोज पहाटे वंदना झाली की हजेरी होते. आपल्या मुलांच्या कानाला ‘हजेरी’ हा शब्द शाळेचा वाटतो. मांग, रामोशी, पारधी यांसारख्या समाजांतील एका पिढीला मात्र तो चावडीचा शब्द होता. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि 1911 च्या सुधारणेनंतर त्याचा फास मुंबई इलाख्यातही आवळला गेला. माणसाने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. तो कोणत्या जातीत जन्मला, एवढ्यावरच त्याचे नाव नोंदवहीत चढू लागले आणि ठरलेल्या वेळी चावडीवर जाऊन आपण गावातच असल्याचे सांगणे त्याला भाग पडले. साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीच्या मुळाशी हीच हजेरी आहे.

1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे भाऊराव आणि वालूबाई या मांग दांपत्याच्या पोटी अण्णाभाऊंचा जन्म झाला. पाळण्यातले नाव तुकाराम. वाटेगाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. मांगवाडा गावाबाहेर होता आणि घरात दारिद्र्य होते. सरकारी खजिना लुटून परतणाऱ्या फकिरा नावाच्या आप्ताने बाळंतिणीसाठी ओंजळभर रुपये दिले, अशी त्यांच्या जन्माची कथा सांगितली जाते. ती अक्षरशः खरी आहे की नाही याची शहानिशा मी करीत नाही. परंतु ज्या घरात अशी कथा मुलाच्या कानावर पडत होती, त्या घराला सरकारी नोंदवहीने चोरांचे घर ठरवले होते, ही गोष्ट निश्चित आहे.

तुकाराम शाळेत गेला तो दीड दिवस. शिक्षकाची छडी आणि त्या छडीमागची जात सहन न होऊन त्याने पाटी सोडली ती कायमची. तीस वर्षांहून अधिक काळ खडू हाती धरलेल्या माणसाला ही हकीकत सांगताना संकोच वाटतो. दीड दिवसाच्या शाळेवर त्यांनी एवढे साहित्य लिहिले, असे आपण सभांतून कौतुकाने सांगतो आणि टाळ्या घेतो. त्या दीड दिवसाची लाज कोणी वाटून घ्यायची, हे मात्र कोणी बोलत नाही.

1931-32 च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी मुंबईकडे निघाले, तेही पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल तेथे मुक्काम करायचा आणि पुन्हा चालू लागायचे. मुंबईत पोरवयातील तुकारामाने हमाली केली, कोळसा वाहिला, पुढे गिरणीत झाडूवाल्याचे कामही केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचीत तो अक्षरे शिकला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्याला कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची संगत लाभली आणि तेथेच तो गाणी रचू लागला. सुरुवातीच्या रचनांपैकी एक लेबर कॅम्पातील डासांवर होती! पुढे स्टालिनग्राडचा पोवाडा आला. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. तमाशाच्या गणातील देवाला रजा देऊन अण्णाभाऊंनी तेथे मातृभूमीला, शिवरायांना आणि कष्टकऱ्यांना वंदन केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने काय केले, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा सांगितले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील एका खोपटात त्यांनी अनेक वर्षे काढली. कथा, लोकनाट्ये आणि तीसहून अधिक कादंबऱ्या यांतील फार मोठा भाग तेथेच लिहिला गेला. 1959 साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली आणि 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

‘फकिरा’ म्हटले की आपल्याला घोडा, तलवार आणि लुटलेला खजिना आठवतो. ते आहेच, आणि मुलांनी ते आवडीने वाचावे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी मात्र या कादंबरीच्या शांत पानांकडे पुन्हा पुन्हा वळतो. दुष्काळाने आणि रोगराईने माणसे पटापट मरत आहेत, चुली थंड आहेत. अशाही स्थितीत मांगवाड्यातील माणसे एकमेकांची विचारपूस करतात, पाहुण्याला उपाशी पाठवीत नाहीत, दिलेला शब्द मोडीत नाहीत. त्यांना चोरी करायची नाही. फकिरा धान्य लुटतो ते उपाशी पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून. पोटापेक्षाही त्यांना जे सलते ते चावडीवर जाऊन मान खाली घालून उभे राहणे. विष्णुपंत कुलकर्ण्यासारखा सरळ मनाचा गावकामगार या माणसांची बाजू घेतो. लेखकाने एका उच्चवर्णीयाचे असे चित्र रंगवले याबद्दल आपल्यातील काहींची तक्रार आहे. माझी नाही. चांगल्या माणसाला चांगले म्हणण्याएवढे मोठे मन त्या खोपटात होते. शेवटी आपले आप्तस्वकीय कैदेत पडलेले पाहून त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. माझ्या मते या कादंबरीतील सर्वांत मोठा पराक्रम हाच, आणि त्यात तलवार चालत नाही.

जुन्या गॅझेटियरांतून मांगांविषयी जे छापले गेले आहे, ते वाचताना आजही मन विटते. त्या ग्रंथांनी एक समाज चोर म्हणून नोंदवला. त्याच समाजातल्या, शाळेने दीड दिवसात गमावलेल्या माणसाने त्या नोंदीला कादंबरीने उत्तर दिले.

‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा तर वीरही नाही. वारणाकाठचा हा धडधाकट गडी मुंबईच्या उपनगरात खाणीवर दगड फोडतो. खाण बंद पडते आणि त्याला प्रेताच्या राखेत सोन्याचा कण सापडतो. त्या सोन्यावर तो घर चालवतो आणि अखेर एका प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे गमावतो. त्यानंतर कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. अण्णाभाऊ त्याला दोष देत नाहीत, त्याची कीवही करीत नाहीत. घामाची भाकरी खाऊ इच्छिणाऱ्या माणसाला ती न मिळाली तर काय होते, एवढेच ते दाखवतात.

आता जरा अडचणीचा विषय. अण्णाभाऊ मांग होते, कम्युनिस्ट होते आणि त्यांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. आपल्या वस्त्यांतून 14 एप्रिल आणि 6 डिसेंबर भक्तिभावाने पाळले जातात. 1 ऑगस्ट मात्र त्यांच्या वस्तीचा, असे आपणच ठरवून टाकले आहे. बाबासाहेबांचे कम्युनिस्टांशी तीव्र मतभेद होते, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. तरीही अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ अर्पण केली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1958 च्या मार्चमध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पुराणातील शेषनागाला बाजूला सारून पृथ्वीचा भार दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. त्यांनी आपल्याकडे हात पुढे केला होता. तो आपण किती धरला, हे प्रत्येकाने आपापल्या वस्तीत तपासावे.

1961 मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. पैसा आणि सन्मान यांचा मुक्काम मात्र चिरागनगरात कधी फार काळ पडला नाही. अखेरची वर्षे दारिद्र्यात, व्यसनात आणि एकाकीपणात गेली. त्यांचे मोठेपण सांगताना हा भाग आपण गाळतो. गाळू नये. ज्यांनी त्यांची गाणी गाऊन सभा जिंकल्या, त्यांपैकी फारच थोडे त्या काळात त्यांच्या दाराशी फिरकले.

आयुष्याच्या शेवटी शासनाने त्यांना गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर दिले. तेथे ते फार दिवस राहिले नाहीत. 18 जुलै 1969 रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले असताना, त्या घरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला.