विश्लेषण : नरसीचे नामदेव पंजाबातल्या घुमानला कसे पोहोचले? सातशे वर्षांपूर्वीच्या पायी प्रवासाची गोष्ट

जगातले कुठलेही शहर, वाळवंट किंवा नदीकाठ आज मोबाइलवर दोन मिनिटांत पाहता येतो. सातशे वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या माणसाला दूरचा मुलूख कळायचा तो तिथे पायी जाऊन आलेल्याच्या तोंडून. असा मुलूख पाहून आलेल्या आणि तो कीर्तनातून लोकांपुढे मांडणाऱ्या मराठी माणसांत सर्वांत मोठे नाव संत नामदेवांचे. त्यांच्या प्रवासाची कथा सांगणारी अभंगमाला म्हणजे ‘तीर्थावळी’. मात्र नामदेव नुसते पाहून परतले नाहीत. पुढे ते पंजाबात राहिले, तिथल्या बोलीत रचना करू लागले आणि तिथलेच झाले. हा प्रवास नेमका कसा घडला आणि त्यातले किती खात्रीने सांगता येते, ते पाहू.

नामदेव मूळचे कुठले?

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म २६ ऑक्टोबर १२७० रोजी, म्हणजे शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. कयाधू नदीच्या काठचे नरसी हे त्यांचे गाव मानले जाते. आज ते ‘नरसी नामदेव’ म्हणून ओळखले जाते आणि हिंगोली जिल्ह्यात येते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे तोपर्यंत नरसी परभणी जिल्ह्यातच होते. जन्मस्थळाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते त्यांचा जन्म पंढरपूरचा, तर काही कऱ्हाडजवळच्या गावाचे नाव घेतात. नामदेवांचे घराणे नरसीचे आणि त्यांचे बालपण पंढरपुरात गेले, ही समजूत मात्र सर्वाधिक रुजलेली आहे.

परभणीशी त्यांचा आणखी एक धागा जुळतो. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दामाशेटींच्या घरी कामाला आली आणि नामदेवांच्या कुटुंबातच वाढली. पुढे संत जनाबाई म्हणून महाराष्ट्राने जिला डोक्यावर घेतले, ती हीच.

पंढरपूर सोडायला नामदेव तयार का नव्हते?

एवढा लांबचा प्रवास केलेला हा माणूस सुरुवातीला घर सोडायलाच तयार नव्हता. विठ्ठल पंढरपुरात आहे, मग दुसरीकडे जायचे कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता. तीर्थयात्रेला सोबत चला, म्हणून ज्ञानेश्वर बोलावायला आले तेव्हा नामदेवांचा पाय निघेना. शेवटी विठ्ठलानेच त्यांना ज्ञानेश्वरांच्या हाती सोपवले, असे तीर्थावळीत वर्णन आहे.

यामागे एक वेगळा प्रसंगही सांगितला जातो. तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी तपासतात तशी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटी मारली आणि त्यात नामदेव हे कच्चे मडके ठरले. त्यानंतर ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकल्यावर, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सुचवले. पाय ठेवायला अशी जागा काही सापडली नाही. देव एकाच गावात, एकाच मूर्तीत अडकलेला नाही, हा त्या कथेचा रोख. औंढाही १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते.

तीर्थावळीत नेमके काय आहे?

नामदेवांनी ज्ञानेश्वरांचे चरित्र अभंगांतून सांगितले. त्याचे तीन भाग मानले जातात : आदि, तीर्थावळी आणि समाधी. तीर्थावळीत दोघांच्या उत्तरेकडच्या यात्रेची कथा येते. म्हणूनच मराठीतल्या आरंभीच्या प्रवासवर्णनांत तिची गणना होते.

आजच्या अर्थाने मात्र हे प्रवासवर्णन नव्हे. किती कोस चाललो, कुठे मुक्काम केला, काय खाल्ले, याची टिपणे त्यात शोधू नयेत. वाटेत ज्ञानेश्वर प्रश्न विचारतात आणि नामदेव भक्तीचा अनुभव सांगतात. अर्धा प्रवास त्या दोघांच्या बोलण्यातच होतो. प्रसिद्ध प्रसंग आहे तो मारवाडच्या वाळवंटातला. दोघांनाही तहान लागते. विहीर सापडते, पण पाणी फार खोल. ज्ञानेश्वर योगसिद्धीने सूक्ष्म होऊन खाली उतरतात आणि पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीरच भरून वाहू लागते. ही जागा आजच्या बिकानेर परिसरातली मानली जाते. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. वाळवंट कधीच न पाहिलेल्या श्रोत्याला पाण्यासाठी होणारी तगमग या प्रसंगातून कळत असणार.

यात्रा संपवून दोघे पंढरपूरला परततात. मावंदे होते, म्हणजे यात्रा सुखरूप पार पडल्याचे जेवण घातले जाते. एवढी तीर्थे पाहून आलेले नामदेव म्हणतात ते इतकेच, की पंढरीचे सुख कुठेच भेटले नाही. पहिल्या प्रवासाने त्यांचे मत बदलले नव्हते.

त्या काळी एवढे चालणे म्हणजे काय?

नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीमार्गे अमृतसरला जाते. दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर ती सुमारे दीड दिवसात कापते. रोज वीस ते पंचवीस किलोमीटर चालणाऱ्याला तेवढ्याच अंतरासाठी ८० ते १०० दिवस लागतील, तेही एक दिवसही न थांबता. पावसाळ्यातले मुक्काम, फुगलेल्या नद्या आणि आजारपण धरले तर सहा महिने सहज जातात.

शिवाय काळ धामधुमीचा होता. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. त्याच वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली. १३१८ पर्यंत यादवांची सत्ता संपली. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचे दौलताबाद केले. १३४७ मध्ये दख्खनमध्ये बहमनी सत्ता उभी राहिली. हे सगळे नामदेवांच्या हयातीत घडले.

जगातले दोन नामांकित प्रवासीही याच काळातले. व्हेनिसचा मार्को पोलो (१२५४–१३२४) आणि मोरोक्कोचा इब्न बतूता. इब्न बतूता तुघलकाच्या पदरी होता आणि दौलताबादलाही येऊन गेला. या दोघांनी परतल्यावर आपले अनुभव तोंडी सांगितले आणि दुसऱ्यांनी ते लिहून घेतले. नामदेवांनी सांगितले ते कीर्तनात, टाळ-मृदंगाच्या साथीने. पोलोचा आणि बतूताचा ग्रंथ वाचायला अक्षरओळख लागत होती. कीर्तनाला गावातले कुणीही बसू शकत होते. वारकरी कीर्तनाची परंपरा नामदेवांपासून सुरू झाली असे मानतात. दूरच्या मुलखाची गोष्ट खेड्यापर्यंत नेणारे तेच त्या काळचे माध्यम होते.

घरी काय चालले होते?

नामदेवांच्या गाथेत आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावावरचेही अभंग आहेत. त्यांत तक्रारी आहेत. मुलगा शिवणकाम सोडून देवळात बसतो, घरात खायला नाही, मुलाबाळांनी काय करायचे, असा त्या अभंगांचा सूर आहे. नारा, विठा, गोंदा, महादा ही चार मुले, मुलगी लिंबाई आणि जनाबाई असे हे मोठे घर. प्रवास नामदेवांनी केला, पण त्याची किंमत घरच्या बायकांनी मोजली, हे गाथेने लपवलेले नाही. संतचरित्रांत हा भाग क्वचितच सांगितला जातो.

मग पंजाबात ते कधी आणि कसे गेले?

ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांच्या निधनानंतर नामदेव पुन्हा उत्तरेकडे गेले, असे मानले जाते. या वेळी ते लवकर परतले नाहीत. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात बटालाजवळ घुमान हे गाव आहे. तिथे त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे, काहींच्या मते सुमारे वीस वर्षे काढली, असे तिथली परंपरा सांगते. बोहरदास हे त्यांचे तिथले शिष्य. नामदेवांच्या स्मरणार्थ घुमानला गुरुद्वारा आहे आणि दरवर्षी माघ महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, जानेवारीच्या मध्यास, मोठा मेळा भरतो.

तारखांचा मेळ मात्र नीट बसत नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा गेले. त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या त्या नामदेवांनीच, असे वारकरी परंपरा सांगते. दोन्ही गोष्टी खऱ्या मानायच्या तर नामदेवांची ये-जा एकाहून अधिक वेळा झाली असली पाहिजे.

भाषा बदलली, माणूस तोच

शिखांचा आदिग्रंथ गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांची बोली जुन्या हिंदीच्या वळणाची आहे, पण मधूनच मराठी प्रत्यय आणि शब्द डोकावतात. म्हणजे नामदेवांनी तिथे जाऊन मराठी अभंगच ऐकवले नाहीत. लोक ज्या बोलीत बोलत होते ती त्यांनी उचलली. पाहुणा म्हणून चार दिवस राहणाऱ्याला याची गरज पडत नाही.

कबीर आणि रविदास या दोघांच्याही पदांत नामदेवांचे नाव आदराने येते. गुरू नानकांचा जन्म १४६९ चा, म्हणजे नामदेवांच्या नंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी. उत्तरेत ‘छीपा’ म्हणजे कापडावर छपाई करणारा, अशी त्यांची जातीची ओळख सांगतात. शिंपी असो वा छीपा, कापडाशी नाते दोन्हीकडे कायम राहिले.

औंढ्याची गोष्ट पंजाबात कशी?

आदिग्रंथातल्या नामदेवांच्या एका पदात खालच्या जातीचा म्हणून त्यांना देवळातून उठवल्याची कथा येते. ते मागच्या बाजूला जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. मराठवाड्यात हीच कथा औंढा नागनाथाच्या मंदिराबद्दल सांगतात. हिंगोलीतला शेतकरी आणि अमृतसरचा दुकानदार या दोघांनाही ती तोंडपाठ असते. एकाला ती आपल्या गावच्या देवळाची वाटते, तर दुसऱ्याला आपल्या ग्रंथातली. प्रवासात कमावलेले नामदेव घरी घेऊन आले, तसे घरचे दुःखही सोबत नेऊन त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिले. हे दुःख पंजाबातही ओळखीचे होते, म्हणून ते तिथे टिकले.

यातले किती खात्रीचे?

नामदेवांच्या नावावर सुमारे अडीच हजार अभंग आहेत. ते सगळे एकाच माणसाचे नाहीत यावर अभ्यासकांचे बहुतेक एकमत आहे. सोळाव्या शतकातले विष्णुदास नामा यांच्यासह ‘नामा’ ही मुद्रा वापरणारे कवी नंतरही झाले आणि त्यांच्या रचना गाथेत मिसळल्या. उपलब्ध हस्तलिखिते नामदेवांच्या काळानंतर बरीच उशिराची आहेत. आदिग्रंथही त्यांच्या निधनानंतर अडीचशे वर्षांनी तयार झाला. त्यामुळे प्रवासाचा मार्ग, वर्षे आणि मुक्काम यांबाबत परंपरा काय सांगते एवढेच म्हणता येते. मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबातल्या लोकांना हा मराठी कवी इतका आपला वाटत होता की त्यांनी त्याला आपल्या ग्रंथात जागा दिली. याला लेखी पुरावा आहे.

शेवट कुठे झाला?

महाराष्ट्रातल्या परंपरेनुसार आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, म्हणजे १३५० साली वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात समाधी घेतली. तीच ‘नामदेव पायरी’. देवळात जाणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ लागावी, म्हणून त्यांनी ती जागा मागितली असे सांगतात. पंजाबातले भाविक मात्र त्यांची समाधी घुमानलाच मानतात. हा वाद मिटलेला नाही आणि दोन्हीकडे कुणाला तो मिटवायची घाईही नाही.

आज काय पाहता येते?

नरसीला कयाधूकाठी नामदेवांचे मंदिर आहे. तिथे वारकऱ्यांबरोबर शीख भाविकही येतात. गंगाखेडला जनाबाईंचे मंदिर आहे. औंढ्याला नागनाथाच्या मंदिर परिसरात नामदेवांची आठवण सांगितली जाते. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. तेव्हापासून हे गाव अनेक मराठी माणसांच्या नकाशावर आले. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर सहज सापडतात. प्रत्यक्ष जायचे असेल, तर परभणीहून गाडी थेट अमृतसरला नेते आणि तिथून घुमान रस्त्याने गाठता येते.