ज्ञानदानाचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पाटील

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही दानाची चार रूपे जैन धर्माने श्रावकाला सांगितली आहेत. यांपैकी ज्ञानदान म्हटले की ग्रंथ छापणे, पाठशाळा चालविणे, स्वाध्यायाची सोय करणे एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु ज्याच्या पोटात अन्न नाही आणि ज्याच्या गावात शाळा नाही, त्याच्यापर्यंत ज्ञान पोहोचावे कसे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच समाजात जन्मलेल्या एका शेतकरीपुत्राने पन्नास वर्षे अखंड खपून दिले. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण म्हणूनच औचित्याचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते, तर आई गंगाबाई धर्मपरायण गृहिणी होत्या. माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर शाळेइतकीच राहण्या-जेवणाची सोय महत्त्वाची असते, हा धडा त्यांना याच बोर्डिंगने दिला.

कटू अनुभवही तेथेच आला. १९०८ साली राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. भाऊराव त्याच्या उद्घाटनास गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्या काळच्या रूढीनुसार हा मोठा अपराध होता. बोर्डिंगची सूत्रे समाजाचे विद्वान नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंग सोडावयास लावले. पुढे शाहू महाराजांनी या तरुणाला आश्रय दिला.

या घटनेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांनी आपल्याला घराबाहेर काढले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंगवास पत्करला, अतोनात छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. सत्य आणि क्षमा ही तत्त्वे प्रवचनातून आपण नेहमी ऐकतो. भाऊरावांनी ती प्रत्यक्ष आचरून दाखविली.

उपजीविकेसाठी त्यांनी शिकवण्या घेतल्या, विम्याचे काम केले, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा गावोगाव प्रसार केला. या भटकंतीत त्यांना खेडे आतून दिसले. तल्लख बुद्धीची मुले गुरांमागे फिरत होती. त्यांना शाळा नको होती असे नव्हे. शाळा दूर होती, तेथे राहण्याची सोय नव्हती आणि घरची गरिबी एक कामाचा हात सोडावयास तयार नव्हती. अडचण नेमकी कोठे आहे हे भाऊरावांनी ओळखले आणि वसतिगृहापासून कार्यास आरंभ केला.

दूधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहाचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम मुलेच करीत. ज्या रूढीने भाऊरावांना बोर्डिंगबाहेर काढले, तिला त्यांनी भाषणातून नव्हे तर रोजच्या पंगतीतून उत्तर दिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या पंगतीमागे एका माउलीचा त्याग होता. भाऊरावांच्या सुविद्य पत्नी सौ. लक्ष्मीबाई या मुलांच्या खऱ्या अर्थाने आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरील दागिने एकेक करून दिले. अखेर मंगळसूत्रही मोडावे लागले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पायाच्या दगडांत त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने कोरले गेले पाहिजे.

वसतिगृहात येऊ शकणारी मुले थोडी, खेडी मात्र हजारो. म्हणून शाळाच खेड्यात नेण्याचे भाऊरावांनी ठरविले. त्यासाठी शिक्षक हवेत, हे जाणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. तेथे तयार झालेले तरुण दुर्गम गावांत गेले. गावाने जागा द्यावी, मूठमूठ धान्य बाजूला काढावे, संस्थेने शिक्षक द्यावा, अशा सहकार्यातून व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. त्यांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका या योजनेमुळे गरिबाच्या मुलास मिंधेपणा न पत्करता पदवीपर्यंत जाता आले. श्रमाचा मोबदला म्हणून मिळालेले शिक्षण त्याचा स्वाभिमान राखी.

मार्ग निष्कंटक नव्हता. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद झाले. तेव्हा संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराडला सुरू झालेल्या महाविद्यालयास भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. स्वतः निरक्षर असलेल्या संताच्या नावाचे महाविद्यालय, ही कृतज्ञता केवढी अर्थपूर्ण!

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी लावलेल्या रोपाचा वटवृक्ष झाला असून रयतच्या शाखांची संख्या आज सातशेच्या पुढे गेली आहे.

भाऊरावांनी दानाची व्याप्ती वाढविली. समाजाने समाजासाठी बोर्डिंगे काढली, त्यांचे मोल मोठेच आहे. भाऊराव स्वतः त्याच बोर्डिंगमध्ये वाढले. मात्र त्यांनी त्या बोर्डिंगचे दार सर्वांसाठी उघडले. आपल्या शिष्यवृत्त्या, आपली वसतिगृहे, आपले दवाखाने वस्तीच्या टोकाच्या घरापर्यंत पोहोचतात का, आणि पोहोचत नसतील तर वाट नेमकी कोठे अडते, हे त्यांच्याप्रमाणे पायी फिरून पाहणे, हीच सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीची दिशा ठरावी.

कर्मवीरांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!