आट्यांना शिस्त लावणारा लोहार

सायकलचा एखादा नट हरवला, तर आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणतो आणि तो निमूटपणे बसतो. त्यात नवल वाटावे असे काही आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही गोष्ट अशक्य होती. त्या काळी प्रत्येक बोल्टला त्याचा स्वतःचा नट असे. कारागीर ही जोडी एकत्र घडवी आणि यंत्र उघडताना त्यांची ताटातूट होऊ नये म्हणून दोघांवर खुणा करून ठेवी. नट हरवला की त्या एकाच बोल्टच्या मापाने नवा नट घडवण्यावाचून गत्यंतर नसे. ही स्थिती ज्या थोड्या माणसांनी पालटली, त्यांत हेन्री मॉड्स्ली या इंग्रज कारागिराचे स्थान फार वरचे आहे. वाफेच्या इंजिनाच्या संदर्भात जेम्स वॅटचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र ती इंजिने अचूकपणे घडवणारी यंत्रे ज्याने उभी केली, तो मॉड्स्ली अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर आपल्याकडे अपरिचितच राहिला.

मॉड्स्लीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. वडील सैन्यात होते. जखमी झाल्यानंतर ते वुलिचच्या शस्त्रागारात नोकरीस लागले. घरची स्थिती बेताची. वयाच्या बाराव्या वर्षी हेन्री त्याच शस्त्रागारात काडतुसांत दारू भरण्याच्या कामावर गेला. दोन वर्षांनी त्याला सुतारशाळेत घेतले, पण लाकडात त्याचे मन रमेना. त्याचा ओढा लोहारशाळेकडे होता. पंधराव्या वर्षी तो भट्टीपाशी पोहोचला आणि मग त्याने मागे वळून पाहिले नाही. नाजूक व गुंतागुंतीचे लोहारकाम करणारा पोरगा म्हणून त्याचे नाव लवकरच शस्त्रागाराबाहेरही गेले.

हे नाव जोसेफ ब्रामा याच्या कानी आले. ब्रामाने १७८४ साली एका नव्या धर्तीच्या कुलपाचे पेटंट घेतले होते. कुलूप अत्यंत सुरक्षित होते खरे. पण त्याचे सुटे भाग इतक्या काटेकोर मापाचे हवे होते की, लंडनमधील निष्णात कारागीरही ते परवडेल अशा किमतीत घडवू शकत नव्हते. मॉड्स्ली अवघा अठरा वर्षांचा होता आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सात वर्षांची उमेदवारी त्याने पुरी केलेली नव्हती. त्याला कामावर घेण्यास कारखान्यातील जुनी मंडळी नाखूश होती. तेव्हा तेथील एक झिजलेला, निकामी व्हाइस आपण संध्याकाळच्या आत नव्यासारखा करून देतो, असे त्याने सुचवले आणि तसे करून दाखवले, अशी कथा सांगितली जाते. ब्रामाच्या दुकानात १७९० सालापासून जे आव्हानाचे कुलूप मांडलेले होते आणि जे किल्लीविना उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर झाले होते, ते मॉड्स्लीच्या हातचे होते. ते उघडले जायला १८५१ साल उजाडावे लागले. आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाला त्यासाठी सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खर्ची घालावे लागले.

ब्रामाकडे तो मुख्य कारागीर झाला. १७९१ साली त्याने ब्रामाच्या घरी काम करणाऱ्या सारा टिंडेल हिच्याशी विवाह केला. संसार वाढला, मुले झाली. पण पगार आठवड्याला तीस शिलिंगांवरच अडून राहिला. १७९७ साली त्याने पगारवाढ मागितली आणि ब्रामाने ती नाकारली. मॉड्स्लीने नोकरी सोडली व लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटलगत वेल्स स्ट्रीटवर स्वतःची लहानशी कार्यशाळा थाटली. ज्या यंत्राने पुढील शतकाची यंत्रविद्या बदलली, ते याच सुमारास जन्मास आले.

त्या यंत्राचे महत्त्व कळण्यासाठी धातूवर आटे पाडणे ही मुळात किती अवघड गोष्ट आहे, ते पाहिले पाहिजे. आटा म्हणजे दांड्याभोवती सारख्या चढाने गुंडाळत जाणारी खाच. हा चढ संपूर्ण लांबीभर एकसारखा असला, तरच नट त्यावरून सुरळीत फिरतो. पूर्वी कारागीर दांड्यावर कागद गुंडाळून खूण करी आणि छिन्नी व कानशीने खाच कोरी. किंवा पोलादी पट्टीत पाडलेल्या आट्यांत दांडा पिळून घेई. पहिल्या पद्धतीत हात चुके, तर दुसऱ्या पद्धतीत पट्टीतील दोष दांड्यात उतरे. लेथवर आटे पाडायचे झाले, तर हत्यार हातात धरून ते दांड्याच्या फिरण्याबरोबर सारख्या गतीने सरकवावे लागे. हात किंचित थबकला की चढ बिघडला.

आटे पाडण्याची यंत्रे मॉड्स्लीपूर्वी नव्हती असे नाही. स्टॅफर्डशायरमधील जॉब व विल्यम वायट या बंधूंनी लाकडी कामाचे स्क्रू यंत्रावर बनवण्याचे पेटंट १७६० साली घेतले होते. जेसी रॅम्सडेन या उपकरणकर्त्याने १७७०च्या दशकात वैज्ञानिक उपकरणांसाठी अत्यंत अचूक मळसूत्रे कापली होती. मॉड्स्लीचे कर्तृत्व वेगळे होते. सुटे सुटे ठाऊक असलेले घटक त्याने एकाच भक्कम, पूर्णपणे धातूच्या लेथमध्ये आणले आणि उपकरणकर्त्याच्या टेबलावरची अचूकता कारखान्यातल्या रोजच्या कामाला मिळवून दिली.

त्याच्या लेथमध्ये हत्यार हातात धरावे लागत नसे. ते एका सरकत्या बैठकीत घट्ट आवळलेले असे आणि ही बैठक यंत्राच्या लांबीभर बसवलेल्या दोन त्रिकोणी पट्ट्यांवरून सरके. बैठकीला पुढे नेण्याचे काम एक लांब मळसूत्र करी. त्याला लीड स्क्रू म्हणतात. हे मळसूत्र आणि कापायचा दांडा दातेरी चाकांनी एकमेकांस जोडलेले असत. त्यामुळे दांडा किती फिरला म्हणजे हत्यार किती सरकायचे, हे कारागिराच्या हातावर न राहता चाकांच्या दातांवर ठरू लागले. १८००च्या सुमारास त्याने बदलण्याजोग्या चाकांचा संच वापरात आणला. लीड स्क्रूला इंचास चार आटे असतील आणि त्याच्या एका फेऱ्यात दांडा दोन फेरे घेईल अशी चाके बसवली, तर दांड्यावर इंचास आठ आटे पडतात. चाके बदला, आटे बदलतात. आयटीआयमध्ये कातारी व्यवसायाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी लेथवर आटे पाडण्यासाठी चाकांचे जे गणित मांडतो, त्यामागचे तत्त्व हेच. मॉड्स्लीचा तो लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन केलेला आहे.

येथे एक पेच उभा राहतो. लेथवर कापलेला आटा लीड स्क्रूइतकाच अचूक असणार. मग पहिला अचूक लीड स्क्रू आणायचा कोठून? मळसूत्र कापण्यासाठी आधी मळसूत्र हवे. मॉड्स्लीने हा पेच सोडवला तो भूमितीच्या आधारे. लाकूड, कथील अशा मऊ पदार्थाचा गोल दांडा त्याने फिरता ठेवला आणि त्यावर अंतर्वक्र धारेचे एक पाते ठराविक कोनात तिरपे टेकवले. दांडा फिरू लागला की पाते आपल्या तिरपेपणामुळे आपोआप पुढे सरके आणि मागे सर्पिल रेषा उमटवी. कोन बदलला की चढ बदले. असे अनेक दांडे त्याने कोरले, त्यांतील सर्वांत निर्दोष निवडला आणि त्यावरून पोलादी मळसूत्र तयार केले. मग त्या मळसूत्रावरून अधिक चांगले, त्यावरून आणखी चांगले, अशी ही वंशावळ पुढे सरकत गेली. माणसाच्या हातातून अचूकता यंत्राकडे गेली खरी; पण त्या यंत्राला पहिली अचूकता दिली ती मॉड्स्लीच्या निवडक नजरेने आणि अपार चिकाटीने.

या ध्यासाचे शिखर म्हणजे खगोलशास्त्रीय उपकरणांच्या मोजपट्ट्यांवर विभाग आखण्यासाठी त्याने केलेले एक मळसूत्र. ते पाच फूट लांब व दोन इंच जाड होते आणि त्यावर इंचास पन्नास आटे होते. त्याचा नट बारा इंच लांबीचा होता. म्हणजे एकाच वेळी सहाशे आटे परस्परांत गुंतलेले असत. एखाददुसऱ्या आट्यात सूक्ष्म दोष राहिला, तरी बाकीचे शेकडो आटे तो सावरून घेत.

कार्यशाळेतही त्याने शिस्त आणली. ठराविक जाडीच्या बोल्टला ठराविकच आटे, असा नियम करून त्याने टॅप आणि डायचे संच बनवले. सपाट पृष्ठभाग तपासण्यासाठी काटेकोर सपाट केलेल्या धातूच्या पाट्या कामगारांच्या हाताशी ठेवल्या. मापाविषयी वाद झाला, तर निवाडा करण्यास त्याच्या बाकावर मळसूत्रावर चालणारे मोजयंत्र होते. ते इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत मोजत असे. इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेतील सर्वोच्च अधिकाऱ्यावरून त्याने त्याला लॉर्ड चान्सलर असे नाव दिले होते. त्याच्या निकालावर अपील नसे.

या अचूकतेची मोठी कसोटी पोर्टस्मथच्या गोदीत लागली. शिडाच्या जहाजांना दोरखंड ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत आणि ब्रिटिश आरमाराची गरज वर्षाला सुमारे एक लाख कप्प्यांची होती. मार्क ब्रुनेल याने त्या यंत्रांवर बनवण्याची योजना आखली. ती यंत्रे प्रत्यक्षात घडवली मॉड्स्लीने. १८०२ ते १८०८ या काळात त्याने ४५ यंत्रे पुरवली. १८०८ साली वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्यांचे उत्पादन होऊ लागले. आधी ज्या कामास ११० कुशल कारागीर लागत, ते १० अकुशल माणसे करू लागली. या आकड्याकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. आयुष्यभर कमावलेले कसब एका पिढीत निरुपयोगी होणे म्हणजे काय, हे त्या शंभर घरांना कळले असणार. आणि हे घडवणारा माणूस स्वतः हाताच्या कसबावर वर आलेला लोहार होता, हा त्या इतिहासातील मोठाच विरोधाभास आहे. मॉड्स्लीच्या स्वतःच्या कार्यशाळेत मात्र कसबाला मान होता. यंत्रे घडवणाऱ्या कारागिरांची मागणी त्याच यंत्रांमुळे वाढत होती.

१८१० साली त्याने कारखाना लॅम्बेथ येथे हलवला. जोशुआ फील्ड भागीदार झाला, पुढे मुलेही आली आणि मॉड्स्ली, सन्स अँड फील्ड ही कंपनी आगबोटींच्या इंजिनांसाठी विख्यात झाली. १८१५ साली टेम्स नदीवरील रिचमंड या बोटीसाठी त्यांनी १७ अश्वशक्तीचे इंजिन बनवले. इंग्लंडहून केपला वळसा घालून १८२५ साली कोलकात्यास पोहोचलेल्या एंटरप्राइझ या आगबोटीची इंजिनेही त्यांचीच. टेम्सखालचा बोगदा खणण्यासाठी ब्रुनेलने जी लोखंडी ढाल वापरली, तीही याच कारखान्यात घडली.

तथापि मॉड्स्लीची सर्वांत टिकाऊ निर्मिती म्हणजे त्याने तयार केलेली माणसे. रिचर्ड रॉबर्ट्‌स, चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग घडवणारा जोसेफ क्लेमंट, वाफेच्या हातोड्याचा जनक जेम्स नॅस्मिथ आणि जोसेफ व्हिटवर्थ हे सारे त्याच्या कारखान्यातून गेलेले. नॅस्मिथ अखेरच्या दोन वर्षांत त्याचा खासगी मदतनीस होता. त्याच्या आठवणींतून दिसणारा मॉड्स्ली धिप्पाड व मोकळ्या मनाचा आहे; मालक झाल्यावरही हाती कानस घेणारा, निरुपयोगी धातूचा कणही यंत्रात राहू न देणारा आणि साध्या रचनेला सौंदर्य मानणारा.

उतारवयात त्याला आकाशाचा छंद लागला. स्वतःसाठी मोठी दुर्बीण बांधण्याचे त्याच्या मनात होते. ते राहून गेले. जानेवारी १८३१ मध्ये फ्रान्समधील एका मित्राला भेटून परतताना इंग्लिश खाडी ओलांडताना त्याला थंडी बाधली आणि फेब्रुवारीच्या मध्यास त्याचे निधन झाले. वय साठही नव्हते. वुलिचच्या ज्या परिसरात तो वाढला, तेथील चर्चच्या आवारात बीडाच्या थडग्यात त्याला विसावा मिळाला. थडग्याचा आराखडाही त्याचाच होता.

त्याचे अपुरे काम व्हिटवर्थने पुढे नेले. मॉड्स्लीची शिस्त एका कारखान्यापुरती होती. दुसऱ्या कारखान्याचा बोल्ट तेथे बसत नसे. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली ५५ अंशांच्या आट्याचे प्रमाण सुचवले. त्यानुसार अर्धा इंची बोल्टला इंचास १२ आटे, पाव इंचीला २०. क्रिमियन युद्धाच्या वेळी तोफनौकांची नव्वद इंजिने तातडीने हवी होती. जॉन पेन याने नमुन्याच्या इंजिनांचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत वाटून ती वेळेत पुरी केली, ती या प्रमाणामुळेच. पुढे अमेरिकेने ६० अंशांचा आटा स्वीकारला आणि आता जगभर मेट्रिक प्रमाण रूढ आहे. आपल्याकडील हार्डवेअरच्या दुकानांत मात्र सुताच्या मापाने बोल्ट मागणारे गिऱ्हाईक अजून भेटते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या मापात त्या इंग्रजी परंपरेचा धागा शिल्लक आहे.

मॉड्स्लीने आपल्या लेथचे पेटंट घेतले नाही. त्याची कंपनी १९००च्या सुमारास बंद पडली. आट्याला नाव लागले ते शिष्याचे. बाजारातील बहुतेक स्क्रूंचे आटे आज कापले जात नाहीत. कठीण साच्यांमध्ये दांडा दाबून व लाटून ते उठवले जातात. पण ते साचे, ती यंत्रे आणि त्यांना तपासणारी गेजेस ज्या अचूकतेवर उभी आहेत, तिची वंशावळ मागे नेत गेले तर वेल्स स्ट्रीटवरच्या त्या कार्यशाळेपर्यंत जावेच लागते. पगारवाढ नाकारलेला एक लोहार तेथे मऊ दांड्यावर तिरपे पाते टेकवून एकामागून एक मळसूत्रे कोरीत होता आणि त्यांतील एकच ठेवून बाकीची बाजूस सारीत होता.