फातिमाबाई इस्माईल

मुंबईतील ज्या स्त्रीने असंख्य पांगळ्या लेकरांस आपल्या पायांवर उभे राहण्याचा मार्ग दाखविला, त्या फातिमाबाई इस्माईल यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बाईंचा जन्म १९०३ साली झाला. गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. १९२१ साली परळ येथे परदेशी कापडाची जी मोठी होळी झाली, ती ह्याच सोबानींच्या गिरणीच्या आवारात. अशा घरात बाईंना देशकार्याची व स्त्रीशिक्षणाची गोडी लागली.

पुढे त्यांची लहान मुलगी उषा हिला पोलिओ झाला. हा रोग पाठीच्या कण्यातील ज्या पेशी स्नायूंना हालवितात, त्यांचाच नाश करितो. ताप उतरतो, परंतु पाय लुळा राहतो. तो तसाच निजवून ठेविला तर सांधे आखडतात आणि बळकट स्नायू दुबळ्या स्नायूंवर ताण करून पाय वाकडा करितात. त्या काळी पुष्कळ आईबाप नशिबास बोल लावून स्वस्थ बसत.

फातिमाबाई बसल्या नाहीत. मद्रासेस डॉ. किणी म्हणून नामांकित अस्थितज्ज्ञ होते. मुलीस घेऊन त्या त्यांच्याकडे गेल्या व तेथे कित्येक महिने राहिल्या. ह्या आजारात औषधाच्या बाटलीने लुळा पाय हालत नाही. ऊन शेकाने ताठरलेला स्नायू सैल करावा, दुसऱ्याच्या हाताने प्रत्येक सांधा हळूहळू फिरवावा, आणि थोडी शक्ती येताच तीच हालचाल मुलाकडून रोज करून घ्यावी, हा तो उपचार होय. ऑस्ट्रेलियातील सिस्टर केनी ह्या परिचारिकेने हाच मार्ग धरिला, तेव्हा अवयव फळ्यांत जखडून ठेवणाऱ्या वैद्यांनी तिला फार विरोध केला होता.

उषेला गुण आला. येथे दुसरी एखादी माता कृतार्थ होऊन थांबली असती. परंतु ज्यांच्यापाशी मद्रासेस जाण्यास पैसा नाही त्यांच्या लेकरांनी काय करावे, हा प्रश्न बाईंना स्वस्थ बसू देईना. १९४७ साली डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना उघडिला. त्यातूनच पुढे हाजीअली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. त्याच सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, फिजिओथेरपी शिकविणारी भारतातील पहिली शाळा निघाली. १९५८ साली बाईंना पद्मश्री मिळाली व १९७८ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. परंतु ह्या उपचाराचे काम संपले नाही. आज मीरा-भाईंदरच्या इंद्रलोकासारख्या वसाहतींतही तो मिळतो. हाड मोडून प्लास्टर निघालेला कुणबी, अर्धांगवायू झालेली आजी, पाठदुखीने वाकलेला हमाल, ह्या सर्वांस त्याचा उपयोग आहे. दुखते म्हणून अवयव हालवावयाचा नाही, हालविला नाही म्हणून तो आखडतो, आणि आखडला म्हणून अधिक दुखतो. हे चक्र तोडिलेच पाहिजे.

तेव्हा घरी असा कोणी असेल, तर जाणत्या डॉक्टरास दाखवावे, त्याने सांगितलेली हालचाल नेमाने करावी, आणि कंटाळा आला तर शेजारी बसून धीर द्यावा. फातिमाबाईंच्या कार्याचा आरंभ मुलीच्या अंथरुणाशी बसूनच झाला होता.