कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि त्यांचा कारखाना

स्मरणिकेसाठी थोर पुरुषांचे चरित्र लिहिताना एक अडचण हटकून येते. चरित्रनायक एकदा का स्मरणिकेच्या पानांत शिरला, की त्याला राग येत नाही, आळस शिवत नाही, आणि पैशाची चणचण भासली तर ती केवळ त्याच्या धैर्याची कसोटी पाहण्यापुरती असते. यंदा बाबूराव पेंटरांचे चरित्र द्यावयाचे ठरले, तेव्हा आमच्या वेळापूरच्या बैठकीत एका वयोवृद्ध गृहस्थांनी सुचविले, की त्यांच्याविषयी चांगले तेवढेच लिहावे. वडीलधाऱ्यांची सूचना शिरसावंद्य खरी; परंतु तिचे अक्षरशः पालन करू गेल्यास बाबूरावांचे अर्धे चरित्र गळून पडते. त्यांचे गुण आणि त्यांच्या खोडी एकाच लाकडातल्या होत्या. गाठ काढावी, तर फळीला भोक पडते. हे आपल्या वाचकांना आम्ही निराळे सांगावयास नको.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हे नाव रूढ झाले ते हातातील कुंचल्यामुळे. चित्रकला व शिल्पकला ह्या दोन्ही विद्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी व हातांनी साध्य केल्या. चुलतबंधू आनंदराव पेंटर ह्यांच्या जोडीने त्यांनी 1910 ते 1916 ह्या काळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. गाणाऱ्या नटाइतकेच पडद्यावरील राजवाडे व उपवने पाहावयास लोक येत, असा तो काळ होता. पुढे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, आणि ह्या दोघा भावांना हलत्या चित्रांचे वेड लागले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रक्षेपक पैदा केला व स्वतःच चित्रपट दाखविता दाखविता ते यंत्र न्याहाळू लागले. 1916 साली आनंदराव अकाली निवर्तले.

दुसरा एखादा माणूस इथेच थांबला असता. बाबूरावांनी मात्र शिष्य विष्णुपंत दामले ह्यांना हाताशी धरून 1918 साली चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी जुळविला. परदेशी यंत्र मागवावयास पैसा नव्हता. लेथ होता, कानस होती आणि चिकाटी होती. कारागिराच्या घरात वाढलेल्या माणसाला कोणतेही यंत्र देवाघरचे वाटत नाही. कोणीतरी ते केले आहे, तेव्हा आपणांसही करता येईल, असे त्याला वाटते. हा विश्वास नसता, तर महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली नसती, असे आमचे मत आहे.

कंपनीला भांडवल पुरविले ते तानीबाई कागलकर ह्या गायिकेने. तिचे नाव पुष्कळ ठिकाणी ओझरते येते; आम्ही ते मुद्दाम लिहून ठेवीत आहो. पहिले चित्र ‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागले. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला, की सरकारने तो भाग काढावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या दोघींची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवण्यात आली होती. चित्रपटात काम केले म्हणून त्यांच्या स्वतःच्या जातीने त्यांना वाळीत टाकले, आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. जातीच्या मंडळाच्या स्मरणिकेत हे वाक्य लिहिताना आमची लेखणी किंचित अडखळली. परंतु ते खोडावे असे वाटले नाही.

सुतारकीच्या दृष्टीने एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे पडदे रंगविण्यात घालविली, त्यानेच चित्रपटातून रंगीत पडदा हद्दपार केला. कॅमेऱ्याला रंगविलेली भिंत खोटी दिसते हे ओळखून त्यांनी खऱ्या खांबांचे, खऱ्या खोलीचे महाल उभारविले. वेशभूषा, दागिने, पात्रांच्या हालचाली ह्या सर्वांची रेखाटने ते स्वतः आधी काढीत.

आता कारखान्यातील माणसांकडे वळू. तेथील कित्येक शिष्य पुढे नामवंत झाले. त्यांतील बाबूराव पेंढारकर व व्ही. शांताराम ह्यांनी आत्मकथने लिहिली, म्हणून आज हे जग आपणांस दिसते. एकाच कंपनीत एक बाबूराव मालक आणि दुसरे बाबूराव व्यवस्थापक! हाक मारली की कोणी ‘ओ’ द्यावी हा प्रश्न उद्भवत असलाच पाहिजे. परंतु त्यात पहिले बाबूराव बहुधा उत्तर देत नसत, त्यामुळे तो आपोआप सुटत असावा. कारण पेंटर अतिशय अबोल होते. मनात काय आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून व दाढीवरून ओळखावयाचे. कामाची वाटणी अशी नव्हतीच. शांताराम हा मुलगा 1920 साली तेथे शिरला, तो पडेल ते काम करीत करीत. आणि 1923 सालच्या ‘सिंहगड’मध्ये, वय अवघे बावीस असता, पांढरी दाढी लावून शेलारमामा झाला. कोल्हापूरच्या तालमीतले मल्ल पौराणिक वीर होत. ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला असे सांगतात, म्हणजे त्या यशात सरकारचीही भागीदारी झाली म्हणावयाची.

बाबूरावांची मोठी खोड म्हणजे संथपणा. मनासारखे होईतो काम पुढे सरकावयाचे नाही, आणि मन लागले नाही तर दिवसचे दिवस काहीच व्हावयाचे नाही. तो काळ मुख्यतः उन्हावर चित्रण करण्याचा. रंग चढवून तयार बसलेल्या नटांच्या डोक्यावरून सूर्य कलत असता मालक मात्र विचारात, ह्या देखाव्याची आम्हांला सहज कल्पना करता येते. आज त्याचे हसू येते. पण पगारावर घर चालविणाऱ्याला ते येत नसणार. ह्याच संथपणातून 1925 साली नारायण हरी आपटे ह्यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’ निर्माण झाला. सावकाराने नागविलेल्या शेतकऱ्याचे ते चित्र देवादिकांच्या गर्दीत निराळे उठून दिसले; आणि ह्याच संथपणाने शिष्यही गमावले. अंगी कर्तृत्व असून ते मोकळे करावयास वाव मिळेना, तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे चौघे बाहेर पडले आणि 1 जून 1929 रोजी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह त्यांनी ‘प्रभात’ स्थापिली. शिष्यांनी कृतघ्नपणा केला, असे काही जण म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. गुरूने हात शिकविला, पण हातात काम दिले नाही, तर हात दुसरीकडे जाणारच. दामले-फत्तेलालांचा 1936 सालचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत पोहोचला, तो ह्याच हातांचा.

पुढे बोलपट आला. अबोल माणसाला तो फारसा मानवला नाही ह्यात नवल ते काय! शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (1935), ‘प्रतिभा’ (1937) ही चित्रे केली. पण पूर्वीचा दबदबा राहिला नाही.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचे त्यांच्यावर दुहेरी ऋण, की त्यांचे आपल्यावर, हे ठरविणे कठीण. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांवर त्यांनी 1922 साली मूकपट काढला होता. आणि सोलापूरच्या राम जोशींवरील ‘लोकशाहीर रामजोशी’ हा 1947 सालचा बोलपट शांतारामांनी दिग्दर्शनासाठी आपल्या जुन्या गुरूच्या हाती सोपविला. काम नेहमीच्या गतीने चालू लागले व अर्ध्या वाटेवर शिष्याने सूत्रे घेतली असे म्हणतात. श्रेयनामावळीत मात्र दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे आहेत. अठरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला शिष्य गुरूला सन्मानाने बोलावतो, गुरूची खोड जशीच्या तशी असते, शिष्याचा उतावळेपणाही तसाच असतो, आणि तरी दोघे एका पाटीवर येतात. चित्रापेक्षा हीच गोष्ट आम्हांला अधिक आवडते.

16 जानेवारी 1954 रोजी बाबूराव कोल्हापुरात वारले.

लेखाची मुद्रिते आम्ही त्या वयोवृद्ध गृहस्थांकडे पाठविली, ती भीतभीतच. त्यांनी एक ओळही खोडली नाही. निरोप एवढाच आला, की त्यांच्या वडिलांनी एका वाड्याच्या दरवाजाला दोन वर्षे लावली होती आणि यजमानांनी एक अख्खा पावसाळा चौकटीला तरटे बांधून काढला होता. जागा उरल्यास तेही छापावे.