फिलाडेल्फियाचे बिशप न्यूमन

गिरण्या-कारखान्यांच्या फिलाडेल्फिया शहरात पोटामागे आलेल्या प्रत्येक समाजाने जम बसताच दोन गोष्टी मागितल्या : आपल्या भाषेचे चर्च आणि आपली दफनभूमी. जर्मन कॅथॉलिकांनी तर १७८८-८९ च्या सुमारासच होली ट्रिनिटी हे आपले स्वतंत्र चर्च उभारले. कोट्यधीश स्टीफन जिरार्डलाही १८३१ मध्ये प्रथम तेथल्याच दफनभूमीत मूठमाती मिळाली. पापाची कबुली उसन्या भाषेत देता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलूख सोडून राहिलेल्या आपल्या घराण्यांना हे वेगळे सांगावयास नको.

अशा शहराला १८५२ मध्ये लाभलेले बिशप जॉन न्यूमन स्वतःच परदेशी होते. त्यांचा जन्म २८ मार्च १८११ रोजी बोहेमियातील प्राखातित्से गावी झाला. वडील मोजे विणणारे जर्मन, आई चेक. शिक्षण पुरे झाले तेव्हा त्या प्रांतात धर्मगुरूंची वाण नव्हती, आणि दीक्षा लांबणीवर पडली. मग ह्या तरुणाने अमेरिकेची वाट धरली. १८३६ मध्ये न्यूयॉर्कला उतरताना अंगावरचे कपडे आणि खिशात एक डॉलर एवढीच त्यांची पुंजी होती, असे सांगतात. त्याच महिन्यात दीक्षा मिळाली. पुढली चार वर्षे बफेलोनजीकच्या रानावनात, विखुरलेल्या वस्त्यांतून पायपीट करण्यात गेली. एकटेपणाने प्रकृती खचली, तेव्हा ते पिट्सबर्गला रिडेंप्टरिस्ट संघात दाखल झाले व १८४२ मध्ये त्यांनी संघाची व्रते घेतली.

मूर्ती लहान, स्वभाव भिडस्त. बिशपपद नको म्हणून त्यांनी पुष्कळ धडपड केली. पण एक्केचाळिसाव्या वाढदिवशीच ते गळ्यात पडले. शहराची जखम तेव्हा ताजी होती. १८४४ च्या दंगलीत आयरिशांविरुद्ध खवळलेल्या जमावाने सेंट मायकेल व सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चे जाळली होती. नव्या कॅथीड्रलच्या खिडक्या, दगड पोचू नयेत म्हणून उंचावर ठेवल्या, अशी तेथली लोककथा आहे.

न्यूमन यांची खरी दौलत म्हणजे भाषा. जर्मन, चेक, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन तर येतच. आयरिश मजुरांची कबुली ऐकण्यासाठी ते आयरिशही शिकले. एक आयरिश म्हातारी कबुलीहून परतताना, अखेर बिशप आपल्या आयर्लंडचा मिळाला म्हणून देवाचे आभार मानू लागली, अशी आख्यायिका आहे. इटालियनांसाठी त्यांनी १८५२ मध्येच सेंट मेरी मॅग्डलेन द पाझी ही पॅरिश स्थापली. अमेरिकेतील इटालियनांची ती पहिली. पॅरिशच्या शाळा त्यांनी एका व्यवस्थेखाली आणल्या. हिशेब मात्र त्यांना जमेना! १८५७ मध्ये साहाय्यक म्हणून आलेले जेम्स वुड पूर्वाश्रमीचे बँकवाले होते, त्यांनी तो भार उचलला.

५ जानेवारी १८६० रोजी, एका पाद्र्यासाठी पाठविलेला मिस्सेचा चषक पोचला नाही, त्याच्या चौकशीला म्हणून ते बाहेर पडले आणि व्हाइन स्ट्रीटवर कोसळले. वय अवघे अठ्ठेचाळीस. बिशपाची जागा कॅथीड्रलमध्ये. पण संघाच्या माणसांनी विनंती केली आणि पूर्वीचे बिशप केन्रिक यांनी ती मानली. जर्मनांच्या सेंट पीटर्स चर्चच्या तळघरात, आपल्या संघबंधूंमध्ये त्यांना पुरले. १९७७ मध्ये पोपने त्यांना संत म्हणून जाहीर केले. त्या तळघरात वेदीखाली, काचेआड त्यांचे अवशेष ठेवलेले आहेत.